मोबाईल काढून घेऊन मुलगी सुरक्षित होत नाही

नोटाबंदीनंतर, १ डिसेंबर २०१६ रोजी, आपल्या मुरबाड तालुक्यातले धसई राज्यातले पहिले कॅशलेस गाव म्हणून जाहीर झाले. बाजारपेठेतल्या दुकानदारांना बँकेने कार्ड स्वाइप करण्याची यंत्रे दिली. मोबाईल मात्र आपल्या वस्त्यांत कसल्याही शिकवणीविना आला. लॉकडाऊनमध्ये शाळा ऑनलाइन झाली आणि घरातला एकुलता एक फोन मुलांच्या हाती गेला. आता तो काढून घ्या, निदान मुलींकडून तरी, अशी भाषा ऐकू येते. आम्हाला हे पटत नाही.

आरोग्याचे काम करताना आम्ही पाहतो, आई मुलीला घेऊन येते. पोरगी जेवत नाही, झोपत नाही, डोके दुखते, टॉनिक द्या म्हणते. पुष्कळदा अंगात रक्त कमी असते. कधी कधी मात्र दुखण्याचे मूळ फोनमध्ये असते. कुणी गोड बोलून फोटो मिळवलेला असतो आणि आता तो पैसे किंवा आणखी फोटो मागत असतो. मुलगी गप्प राहते, कारण तिला घरच्यांचीही तेवढीच भीती वाटते. शाळा बंद करतील, लग्न उरकून टाकतील. धमकी देणारा याच भीतीवर जगतो. म्हणून आई-वडिलांनी आजच सांगून ठेवावे : काहीही झाले तरी आधी आम्हाला सांग, तुझे शिक्षण थांबणार नाही.

असे घडले तर पैसे देऊ नका. मेसेज पुसू नका, त्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर स्त्रिया व मुलांविषयीच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड. मुलांसाठी १०९८ आहे. मन फारच खचले असेल तर टेलिमानस, १४४१६. हे नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

मुलग्यांनाही शिकवायला हवे. अल्पवयीन मुलीचा अश्लील फोटो पुढे पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'मी फक्त फॉरवर्ड केला' ही सबब चालत नाही. आणि पैसे घेताना कधीच पिन टाकावा लागत नाही, हे आजीलाही नातवाने समजावून सांगावे.

फॉरवर्डचा परिणाम महाराष्ट्राने पाहिला आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून पाच जणांना जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून जगणारे गरीब लोक होते. व्हॉट्सॲपवरच्या अफवांनी आधीच भीती पसरवली होती. सम्यक वाचा तोंडापुरती नाही, बोटालाही लागू आहे.

झोपेचेही तसेच. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवण्याची प्रथा सुरू केली. तिथे मोठ्यांनीही फोन खाली ठेवला. बापाने रात्री बारापर्यंत रील्स पाहायच्या आणि मुलाला झोप म्हणायचे, हे चालत नाही.

आमची सूचना साधी आहे. रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास यासाठी ठेवावा. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी फोनमधल्या प्रायव्हसी सेटिंग्ज दाखवाव्यात, अंगणवाडी किंवा आशाताईंनी मुलींशी वेगळे बोलावे, वडिलांनीही बसावे. शिक्षणानेच आपण इथवर आलो. मुलीच्या हातातला फोन हे आज तिचे पुस्तक, शिष्यवृत्तीचा अर्ज आणि नोकरीची जाहिरात आहे. तो काढून घेण्याआधी तिला तो वापरायला शिकवू या.