‘पुट’ आणि ‘धा’

काही वर्षांपूर्वी मराठी माध्यमाच्या एका शाळेत नववीच्या वर्गाला इंग्रजी शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने माझ्यापुढे आपली वही ठेवली. ‘आय कॅनॉट पुट अप विथ धिस नॉइज’ या वाक्याचे तिने भाषांतर केले होते, ‘मी या गोंगाटाबरोबर वर ठेवू शकत नाही.’ ‘पुट’ म्हणजे ठेवणे, ‘अप’ म्हणजे वर, ‘विथ’ म्हणजे बरोबर. शब्दकोश उघडून ताडून पाहिले असते तर तिचा एकही शब्द चुकलेला नव्हता, आणि तरीही वाक्याचा प्राण हरपला होता. माझ्या गुरुजनांनी जे केले असते तेच मी केले. तांबड्या शाईने ‘सहन करणे’ असे लिहिले, तसलीच आणखी वीस रूपे फळ्यावर मांडली आणि ती दुसऱ्या दिवशी पाठ करून येण्यास वर्गाला फर्मावले. त्या मुलीला मी उत्तर दिले, पण वाट दाखविली नाही, ही खंत माझ्या मनातून अद्याप गेलेली नाही. आणि तीच रीत आपल्या शाळांतून आजही चालू असल्यामुळे तिचा जाहीर विचार व्हावा असे वाटते.

‘पुट’ हे इंग्रजीतील अत्यंत साधे, एकाक्षरी क्रियापद. त्याचा मूळ अर्थ ठेवणे एवढाच. परंतु त्याच्यामागे एखादे चिमुकले अव्यय येऊन उभे राहिले, की त्याच ठेवण्याचे रूप पालटते. सभा ‘पुट ऑफ’ केली म्हणजे ती मुलतवी झाली. आग ‘पुट आउट’ केली म्हणजे विझविली, पण हात ‘पुट आउट’ केला म्हणजे पुढे केला. पाहुण्याला ‘पुट अप’ केले म्हणजे त्याच्या रात्रीच्या मुक्कामाची सोय लावली. पैसे ‘पुट बाय’ केले म्हणजे गाठीला बांधले. बंड ‘पुट डाउन’ केले म्हणजे मोडून काढले. शिवाय येथे अर्थाइतकेच स्थानालाही महत्त्व आहे. ‘पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ या दोन्ही रचना चालतात. मात्र सभेच्या जागी ‘इट’ हे सर्वनाम आले, की ‘पुट इट ऑफ’ एवढीच रचना शुद्ध. उलट ‘पुट अप विथ’ची तीन पदे परस्परांना अशी बिलगून असतात, की कर्माला त्यांच्यामध्ये शिरकाव नाही. ‘ही पुट हिज हॅट ऑन’ म्हटले तर टोपी डोक्यावर चढते, आणि ‘ही पुट हिज हॅट ऑन द टेबल’ म्हटले तर ती टेबलावर विसावते. पहिल्या वाक्यात ‘ऑन’ क्रियापदाचा सोबती आहे, दुसऱ्यात नामाचा. केवळ अर्थांची यादी घोकणाऱ्या विद्यार्थ्याला हा भेद कधीच दिसत नाही, कारण यादीत वाक्य नसते.

ही अडचण एकट्या मराठी मुलाची नाही. सॅम्युअल जॉन्सनने 1755 साली आपला इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, तेव्हा प्रस्तावनेतच त्याने बजावले, की क्रियापदे आणि असली अव्यये यांच्या संयोगाने परकीयांना सर्वांत अधिक अडचण पडते, म्हणून आपण ते संयोग विशेष काळजीने टिपले आहेत. या रूपांना आज रूढ असलेले ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र पुष्कळ उशिरा छापील ग्रंथात स्थिरावले. लोगन पिअरसॉल स्मिथ याने 1925 साली ते वापरले, आणि ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचविल्याचे नमूद करून ठेवले. पुढे 1930 साली सी. के. ऑग्डेन याने जगासाठी सोपी इंग्रजी म्हणून 850 शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ रचली, तीत त्याने अवघी 18 क्रियापदे ठेवली आणि त्यांत ‘पुट’ला स्थान दिले. एवढ्या थोड्या क्रियापदांवर संसार चालविण्याचे धाडस त्याला झाले ते या चिमुकल्या अव्ययांच्याच भरवशावर. आणि ती योजना शिकणाऱ्याला वाटते तितकी सोपी पडेना, त्यालाही तीच कारण झाली. शब्द 850 होते खरे, पण त्यांच्या संयोगांची गणती कोणी केलेली नव्हती.

आपल्याकडे या अडचणीतून एक सोयीची पळवाट निघाली. ‘पुट ऑफ’ कठीण, तर ‘पोस्टपोन’ लिहा; ‘पुट अप विथ’ नको, ‘टॉलरेट’ लिहा; लॅटिन वळणाचा एकच भारदस्त शब्द पाठ केला, की परीक्षाही पार पडते आणि अर्ज-विनंत्यांचा मसुदाही. त्यामुळे आपली लिखित इंग्रजी दरबारी पोशाखातून कधी बाहेरच आली नाही, आणि घरगुती, बोलती इंग्रजी कानी पडली की आपला सुशिक्षित पदवीधरही गोंधळू लागला. ‘पोस्टपोन’ हा शब्द तरी काय आहे? लॅटिनमधील ‘पोनेरे’, म्हणजे ठेवणे, आणि त्याच्याआधी ‘पोस्ट’, म्हणजे नंतर. इंग्रजीने अव्यय मागे जोडले, लॅटिनने पुढे जोडले, घडण एकच. ही घडण आपल्या लोकांनी अजाणता का होईना ओळखली, याची साक्ष ‘प्रीपोन’ हा शब्द देतो. तो भारतात रुळला आणि इंग्रजी कोशांतही दाखल झाला. तसेच सरकारी दफ्तरात ‘फाइल पुट अप केली’ असे जे सर्रास म्हटले जाते, तेथे साहेबांपुढे मंजुरीसाठी कागद पेश करणे हा खास आपल्या कचेऱ्यांतला अर्थ त्या जोडीला लाभला आहे. या जोड्या घडविण्याची शक्ती ज्या समाजात आहे, त्याला त्या समजण्याची शक्ती नाही असे कसे म्हणावे?

ती शक्ती आपल्याला वारशाने आलेली आहे. संस्कृतात ‘पुट’च्या जोडीचा धातू म्हणजे ‘धा’, ठेवणे, धारण करणे. इंग्रजीतील ‘डू’ हे क्रियापद त्याचेच दूरचे भावंड. या ‘धा’ला उपसर्ग लागून झालेले शब्द आपण दररोज उच्चारतो, आणि त्यांची तुलना करू जाता विस्मय वाटतो. ‘परि’ म्हणजे सभोवार. अंगाभोवती ठेवले ते परिधान, म्हणजेच ‘पुट ऑन’. ‘सम्’ म्हणजे एकत्र. एकत्र ठेवले ते संधान, म्हणजेच ‘पुट टुगेदर’. ‘नि’ म्हणजे खाली, आत. जपून ठेवले ते निधान, म्हणजेच ‘पुट बाय’ करून राखलेले धन. मग विधान, अवधान, व्यवधान, समाधान ही सारी त्याच कुळातली. संस्कृतात हे उपसर्ग धातूच्या आधी येतात हा नियम पाणिनीने दिला; पण वेदात ते धातूच्या नंतरही येतात आणि मध्ये इतर पदे घालून दूरही राहतात, हेही त्याने लगोलग नोंदविले. ‘पुट द मीटिंग ऑफ’मध्ये ‘ऑफ’ असाच दूर उभा असतो. उपसर्गांना स्वतःचा अर्थ असतो की नाही, यावर शाकटायन आणि गार्ग्य यांचे मतभेद यास्काने निरुक्तात दिले आहेत. शाकटायन म्हणतो, ते एकटे असता अर्थ सांगत नाहीत. गार्ग्य म्हणतो, त्यांना नाना अर्थ आहेत. ‘अप’ला अर्थ कोणता, या आजच्या वर्गातील प्रश्नावरचा हा वाद इतका जुना आहे.

यावर कोणी म्हणेल, की संस्कृत व्याकरण शिकून मग इंग्रजी शिकणारा विद्यार्थी आज कोठे मिळायचा? त्याला तितके लांब जाण्याचेही कारण नाही, कारण त्याची मराठी त्याच्या मुखात आहे. इंग्रजी जे काम मागच्या अव्ययाकडून करून घेते, त्यातले पुष्कळसे मराठी दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेते. लिहून ठेव, लिहून टाक, लिहून घे, लिहून दे. या चार आज्ञांतला भेद पाच वर्षांच्या मुलाला कोणी शिकविलेला नसतो, आणि तो त्यात कधी चुकत नाही. ‘लिहून ठेव’ म्हणजे ‘राइट डाउन’. आई मुलाला ‘दूध पिऊन टाक’ म्हणते तेव्हा दूध टाकायचे नसते, हे मुलाला पक्के ठाऊक असते. इंग्रज आई ‘ड्रिंक इट अप’ म्हणते तेव्हाही वर काहीच जात नाही. ‘टाक’ आणि ‘अप’ या दोघांचेही काम क्रिया तडीस गेली एवढे सांगण्याचे आहे. ही गोष्ट वर्गात एकदा जरी दाखविली, तरी ‘अप’ म्हणजे ‘वर’ या समीकरणाच्या जाचातून मूल सुटते.

महाराष्ट्राने 2000 साली पहिलीपासून इंग्रजीचे अध्यापन सुरू केले. इंग्रजी लवकर आली, पण ती शिकविताना मराठीला वर्गाबाहेर ठेवावे हा दंडक मात्र अनेक ठिकाणी शिष्टाचारासारखा पाळला जातो. वर्गात इंग्रजीच अधिकाधिक कानी पडावी, या आग्रहातले तथ्य मला मान्य आहे. कारण ही रूपे पक्की होतात ती कानाने, आणि कोणतीही तुलना त्या सरावाची जागा घेऊ शकत नाही. ‘पुट अप विथ’चा अर्थ तर्काने काढता येत नाही हेही खरे, पण ‘समाधान’चा तरी ‘धा’वरून कोठे काढता येतो? तरीही, अर्थाची वाट आपल्या भाषेने आधीच तुडविलेली आहे हे मुलाला कळले, तर घोकंपट्टीच्या जागी कुतूहल येते आणि भीतीच्या जागी ओळख. यादी नको, वाक्ये हवीत. एका दिवशी वीस रूपे नकोत, दोन हवीत, आणि त्या दोहोंशेजारी मराठीतली त्यांची भावंडे हवीत. हे करायला नवे अनुदान नको की नवा शासकीय हुकूम नको. शिक्षकाने दोन्ही भाषांकडे सारख्याच आदराने पाहावे, एवढेच हवे.

ती वही आज माझ्यापुढे आली, तर ‘सहन करणे’च्या जागी मी ‘खपवून घेणे’ लिहीन. ‘हा गोंगाट मी खपवून घेणार नाही’ हे वाक्य त्या मुलीने घरी आपल्या आजीच्या तोंडून अनेकदा ऐकले असेल, आणि त्यात खपले काय, घेतले काय, असा प्रश्न तिला कधी पडला नसेल. तिच्या भाषांतरातली चूक तिला मग मी सांगावी लागणार नाही. ती तिची तिलाच दिसेल.