उसाची ट्रॉली आणि मागून येणारा माणूस

शेतकरी बंधूंनो, गाळप हंगाम सुरू झाला की आपले रस्ते उसाने भरून जातात. तोडलेला ऊस वाळला की वजन घटते, म्हणून खेप लवकर काट्यावर जावी ही तुमची घाई मला समजते. पण त्या घाईपायी कुणाचे घर उघडे पडू नये.

माझ्या कामाच्या गावातला एक तरुण रात्री मोटारसायकलवरून घरी निघाला होता. पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्यातच उभी. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. पोरगा जागीच गेला. ट्रॉलीवाला त्याच्याच भावकीतला!

म्हणून सांगतो, दोन ट्रॉल्या जोडल्या असतील तर मागचीला लाल रिफ्लेक्टर लावाच, आणि तो लोंबत्या उसाने झाकू देऊ नका. ट्रॉली बंद पडली तर कडेला घ्या, मागे बॅटरी घेऊन माणूस उभा करा. चाकाला लावलेले दगड निघताना उचला. मागे रांग लागली की जागा बघून वाट द्या. गाणी इतकी मोठ्याने नकोत की हॉर्न ऐकू येणार नाही. ट्रकवाल्यांनीही समोरून गाडी आली की डिपर द्यावा.

धोका होईल अशी गाडी रस्त्यात सोडणे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने गुन्हाच आहे. पण प्रत्येक वळणावर पोलीस कुठून येणार? सरपंच, ग्रामसेवकांनी हंगामाआधीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा.

आणि तुम्ही आज संध्याकाळी दारातल्या ट्रॉलीमागे जाऊन बघा. रिफ्लेक्टर आहे का?