सिस्टर, जरा इकडं या ना



१२ मे आला की दवाखान्यादवाखान्यांतून फुलं वाटली जातात, मेणबत्त्या पेटतात आणि पाहुणे फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या हातातल्या दिव्याबद्दल बोलतात. 'सेवा', 'त्याग', 'मातृहृदय' हे शब्द हमखास येतात. त्या रात्री वॉर्डात ड्यूटीला किती जणी आहेत, हे मात्र कुणी विचारत नाही. नाइटिंगेलबाईंनी ते विचारलं असतं. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईनं जास्त मेले, हे त्यांनी आकडे मांडून सरकारच्या गळी उतरवलं. गटारं, स्वच्छ पाणी, धुतलेल्या चादरी यांसाठी त्या भांडल्या. आपल्याकडे त्यांचा दिवा तेवढा आला, आकड्यांची वही तिकडंच राहिली.

हा अंक दवाखान्यातल्या बाईबद्दल आहे. खाटेवरची बाई आणि खाटेपाशी उभी असलेली बाई, दोघींबद्दल. अंकाची तयारी करताना आमच्या बैठकीत चांगलीच वादावादी झाली. एकीचं म्हणणं, "बाळंतपणाच्या वॉर्डात आपल्या बायकांना जे ऐकून घ्यावं लागतं, ते छापायलाच हवं." दुसरीची बहीण परिचारिका आहे. ती म्हणाली, "तीस-तीस खाटा एकटीनं सांभाळून बघा, मग लिहा." दोघींचंही खरं होतं, म्हणूनच वाद लांबला.

कोल्हापूरला या प्रश्नाचा जुना संदर्भ आहे. १८८६ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर होऊन निघाल्या, तेव्हा कोल्हापूर दरबारनं त्यांना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची प्रमुख नेमलं होतं. हेच आजचं सीपीआर, आपला थोरला दवाखाना. पुरुष डॉक्टरपुढं बाया दुखणं उघड करत नाहीत, बाईला बाईच हवी, असा त्यामागचा विचार. आनंदीबाई इथवर पोचल्याच नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या, वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी याच दवाखान्यात बायकांवर उपचार केले. आज बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर बाई, आया बाई, पुष्कळदा डॉक्टरही बाई. तरीही तिथून येणारी बाई रडत का येते?

कळा देणाऱ्या बाईला उद्देशून "तेव्हा बरं नाही ओरडलीस?" हे वाक्य तुमच्यापैकी कितीजणींनी ऐकलंय? आम्ही विचारलं त्या प्रत्येक वस्तीत ते ऐकलेली बाई भेटली. एका हंगामात मी ऊसतोडीच्या टोळीतल्या एका मुलीबरोबर एका तालुक्याच्या गावी दवाखान्यात गेले होते. वय एकोणीस, दुसरं बाळंतपण, फडातून थेट आलेली, अंगावर पाचटाचे ओरखडे. सिस्टर तिला म्हणाली, "आंघोळ तरी करून यायचीस!" शेजारच्या खाटेवर गावातल्या शिक्षकांची सून होती. तिच्याशी तीच सिस्टर "ताई, थोडं सोसा, झालंच हं" असं बोलत होती. सिस्टर एकच, ड्यूटी तीच, थकवाही तोच.

दमलेल्या माणसाचा आवाज चढतो हे मान्य. पण तो कुणावर चढतो आणि कुणावर नाही, हे थकवा ठरवत नाही. ते जात ठरवते, अंगावरचं लुगडं ठरवतं, सोबत आलेला माणूस कोण आहे ते ठरवतं. परिचारिकांच्या बाजूनं बोलताना ही गोष्ट झाकून ठेवली, तर आपण ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्याशी ती बेइमानी होईल.

पण इथंच थांबलो तर चित्र अर्धं राहतं, म्हणून मुंबईच्या केईएममधल्या परिचारिकांची आठवण करून द्यायची आहे. अरुणा शानभाग तिथं परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी, ड्यूटी संपवून रुग्णालयातच कपडे बदलत असताना तिथल्याच एका सफाई कामगारानं कुत्र्याच्या साखळीनं त्यांचा गळा आवळला. मेंदूला इजा झाली, त्या पुन्हा कधी उठल्या नाहीत. आरोपीला चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. लैंगिक अत्याचाराचा गुन्हा लावलाच गेला नाही. बाईच्या अब्रूची काळजी घ्यायची ही आपल्याकडची रीत.

त्यानंतर १८ मे २०१५ रोजी त्यांचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे साडेएकेचाळीस वर्षं, केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. हल्ल्याच्या वेळी ज्या त्यांच्याबरोबर काम करत होत्या त्या निवृत्त झाल्या, मग ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता अशा मुलींच्या हाती हे काम आलं. भरवणं, पुसणं, कूस बदलणं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची असते, नाहीतर पाठीला जखमा होतात. अरुणाताईंना इतक्या वर्षांत एकही जखम झाली नसल्याची नोंद सर्वोच्च न्यायालयापुढं आली. त्यांना मासे आवडतात, खोलीत गर्दी झाली की त्या बेचैन होतात, हेही तिथं नोंदलं गेलं. न बोलणाऱ्या माणसाची आवडनिवड कळायला रोज त्याच्या तोंडाकडं बघावं लागतं.

पिंकी विराणी यांनी अरुणाताईंना या यातनांतून सोडवावं म्हणून अर्ज केला. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयानं तो नामंजूर केला आणि असा निर्णय मागायचा झाल्यास तो अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, असं म्हटलं. याच निकालानं आपल्या देशात काही अटींवर निष्क्रिय दयामरणाची वाट मोकळी केली. विराणींची तळमळ खरी नव्हती असं मी म्हणणार नाही. आपल्यातही यावर एकमत नाही. परिचारिकांनी मात्र निकालाच्या दिवशी पेढे वाटले.

ही गोष्ट सांगताना तिचं देवघर करण्याची सवय आहे. पण याच परिचारिकांनी १९७३ साली हल्ल्यानंतर सुरक्षिततेसाठी काम बंद ठेवलं होतं. ऐंशीच्या दशकात महापालिका अरुणाताईंना केईएममधून हलवून खाट मोकळी करायला निघाली, तेव्हाही त्याच आडव्या आल्या आणि पालिकेला बेत सोडावा लागला. कूस बदलणारे हात आणि संपात वर झालेले हात एकाच बाईचे होते. मे २०२२ मध्ये कंत्राटी भरतीविरुद्ध राज्यभर परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा 'रुग्णांचे हाल' असे मथळे आले. रुग्णांचे हाल आदल्या आठवड्यातही होतेच. अकरा महिन्यांच्या करारावरची मुलगी आज शिकते, उद्या जाते. रुग्णाचा चेहरा ओळखायला तिला सवड कधी मिळायची?

वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाचांमागे एक परिचारिका असावी, असं भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण सांगतं. प्रसूतीच्या वेळी बाईसोबत तिच्या नात्यातली एक बाई असू द्यावी, हे केंद्र सरकारनं २०१६ मध्येच राज्यांना कळवलंय. पहिल्यासाठी पैसे लागतात, दुसऱ्यासाठी फारसे लागत नाहीत, तरी दोन्ही अडकलेलं. सोबत आई किंवा जाऊ उभी असली की सिस्टरचा आवाज आपोआप खाली येतो, हा आमचा अनुभव आहे. शिवाय पाणी पाजायला, पाठ चोळायला दोन हात वाढतात ते वेगळेच.

तेव्हा तक्रार करायची, जरूर करायची. तारीख, वेळ, शब्द न् शब्द लिहून द्यायची. पण ती देताना त्या पाळीला वॉर्डात किती खाटा होत्या आणि किती जणी कामावर होत्या, हेही त्याच कागदावर लिहायचं. दवाखान्यात मोर्चा न्यायच्या आधी सिस्टरांच्या संघटनेला एकदा भेटायचं. पुष्कळजणी आपल्याच वस्तीत राहतात, त्यांच्या घरातलं आपल्याला ठाऊक असतं, फक्त वॉर्डातलं कधी विचारलेलं नसतं.

पुढच्या अंकासाठी प्रत्येक गटानं आपल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन एवढं बघून यावं. खाटा किती, नाइटला सिस्टर किती, त्यातल्या कंत्राटी किती. बाळंतिणीसोबत बाईमाणसाला आत सोडतात का. आणि सिस्टरांना कपडे बदलायला खोली आहे का, असली तर तिला आतून कडी आहे का. लिहून पाठवा, आम्ही छापू.