‘सब्र कर’ म्हणण्याआधी तिचं ऐका

केमोथेरपी म्हटलं की आपल्याला गळणारे केस आणि उलट्या आठवतात. केस बहुतेक वेळा परत येतात, उलट्यांवर औषधं आहेत. पण हातापायांना येणाऱ्या मुंग्या, बोटांचा बधिरपणा, रात्री होणारी तळपायांची आग याबद्दल आपल्या घरांत फारसं कुणी बोलत नाही. स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या बाईने ही तक्रार केलीच, तर ‘जीव वाचला ना’ म्हणून तिला गप्प केलं जातं. मला हे चुकीचं वाटतं, कारण या गप्प बसण्याची किंमत तिला पुढे कित्येक वर्षं मोजावी लागू शकते.

या कर्करोगात पॅक्लिटॅक्सेल हे औषध सर्रास देतात. अमेरिकेत १९९४ मध्ये त्याला स्तनाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. पेशीच्या आत अतिसूक्ष्म नळ्यांचा सांगाडा असतो. पेशीचं विभाजन होताना या नळ्या जुळाव्या आणि सुटाव्या लागतात. पॅक्लिटॅक्सेल त्यांना सुटू देत नाही, म्हणून कर्करोगाची पेशी वाढू शकत नाही. अडचण अशी, की नसांमध्येही याच नळ्या असतात आणि त्यांच्यावरूनच नसेच्या टोकापर्यंत लागेल ते पोहोचतं. ही वाहतूक बिघडली की सगळ्यात लांब नसांना आधी फटका बसतो. त्यामुळे त्रास साधारणपणे पायाच्या आणि हाताच्या बोटांपासून सुरू होतो आणि वर चढतो. मधुमेह असेल तर धोका वाढतो, आणि मधुमेह आपल्याकडे किती घरांत आहे हे सांगायला नको.

माझ्या खालाला दर आठवड्याला एक, असे १२ डोस सांगितले होते. सातव्यानंतर तिला ओढणीची पिन लावता येईना, सुईत दोरा ओवता येईना. घरी शिवणकाम करून ती चार पैसे कमावते. ओपीडीत डॉक्टरांनी ‘काही त्रास?’ विचारलं, तेव्हा खालूंनीच उत्तर दिलं, ‘नाही, सगळं ठीक आहे.’ त्यांचा हेतू वाईट नव्हता. उपचार अर्धवट राहतील, ही भीती दोघांनाही होती. पुढच्या वेळी मी म्हटलं, ‘खाला, तूच बोल.’ ती बोलली. डॉक्टरांनी तिला फायदा-तोटा समजावला आणि पुढचे डोस कमी केले.

वेळेवर सांगणं एवढं महत्त्वाचं का? कारण हा त्रास होऊच नये म्हणून देता येईल असं खात्रीचं औषध आज नाही. अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजीच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना तेच सांगतात. त्रास सुरू झाल्यावर वेदनेसाठी त्या फक्त ड्युलोक्सेटिन सुचवतात, आणि त्याचाही फायदा मर्यादितच आहे. मेडिकलमधून ‘नसांच्या गोळ्या’ आणणंही निर्धोक नाही. अ‍ॅसिटिल-एल-कार्निटिन हे पूरक औषध स्तनाच्या कर्करोगाच्या ४०९ रुग्ण स्त्रियांवर तपासलं गेलं. २०१३ मध्ये निकाल आला तो उलटाच: ते घेणाऱ्यांचा त्रास वाढला होता. डोस कमी करणं, पुढे ढकलणं किंवा औषध बदलणं हे डॉक्टरांच्या हातात असतं, पण त्यासाठी उपचार चालू असतानाच त्यांना कळायला हवं. डोस संपल्यावर अनेकींचा त्रास काही महिन्यांत ओसरतो, काहींचा वर्षानुवर्षं राहतो.

अम्मीची, खालाची फाइल घेऊन रांगेत उभे राहता ते तुम्ही तरुणच. म्हणून तुम्हाला सांगते. ‘बरं वाटतंय का?’ एवढंच विचारू नका. बटण लावता येतं का, चप्पल पायातून निसटलेली कळते का, रात्री आग होते का, असं नेमकं विचारा आणि तारखेसह लिहून ठेवा. ओपीडीत तिला बोलू द्या. भाषेची अडचण असेल तर तिचं म्हणणं डॉक्टरांना सांगा, तिच्या वतीने उत्तर देऊ नका. घरच्या घरी डोस मात्र बंद करू नका. वुजूचं गरम पाणी दुसऱ्या कुणीतरी आधी हात घालून पाहावं, कारण बधिर हाताला चटका कळत नाही. घरातही तिच्या पायात चप्पल असावी, रात्री मोरीकडे जाताना दिवा असावा.

आणि तिचं शिवणकाम थांबलं तर त्या पैशांचं काय करायचं, हेही घरात तिला सोबत घेऊनच ठरवा.