वड हवा, पण माळावर नको

पाऊस पडला की नगर जिल्ह्यात वृक्षारोपणाची धांदल उडते आणि मला दरवर्षी दोन जीव आठवतात. एक संगमनेर तालुक्यातला पेमगिरीचा अवाढव्य वड. दुसरा दक्षिणेकडच्या कर्जत-श्रीगोंद्याच्या माळांवरचा माळढोक पक्षी. दोघांतून एकच राखता आला, तर कोणता राखाल?

मी माळढोक म्हणेन. पेमगिरीचा वड पडला तर जिल्हा हळहळेल, पण वड संपणार नाही. फांदी रोवली तरी तो जगतो, पाखरं त्याचं बी भिंतीच्या फटीतसुद्धा रुजवतात. माळढोकाची मादी वर्षाकाठी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. देशात हे पक्षी दीडशेच्या आसपास उरलेत, बहुतेक राजस्थानात. सालिम अलींनी राष्ट्रीय पक्षी म्हणून सुचवलेला हा पक्षी!

1979 साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून त्याच्यासाठी 8,496 चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात गावं आली, शेतं आली, जमिनीचे व्यवहार अडकले आणि लोकांचा राग पक्ष्यावर निघाला. राग रास्त होता. पुढे हद्द 1,222 चौरस किलोमीटरपर्यंत आखडली. तोवर माळ कुठे नांगराखाली गेला होता, कुठे त्यावरून विजेच्या तारा गेल्या होत्या. या जड पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, तारेवर आदळून तो मरतो. आणि उरल्यासुरल्या माळावर आपण भल्या मनानं गिरिपुष्प, सुबाभूळ लावत आलो, कारण सरकारी नकाशातही गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन. पण माळढोकाला लांबवर नजर जाईल असं मोकळं रान लागतं. त्याच गवतावर नाकतोडे वाढतात, काळवीट चरतात, धनगरांची मेंढरं पोसली जातात. तिथं सावली पडली की गवत मागे हटतं.

शाळांना, ग्रामपंचायतींना, रोपं वाटणाऱ्या कंपन्यांना माझी विनंती आहे. वड जरूर लावा. गावठाणात, रस्त्याकडेला, ओढ्याकाठी. गायरानात खड्डे खोदण्याआधी मात्र ग्रामसभेत मेंढपाळांना विचारा, इथं गवत कोणतं येतं. आणि जिथं कुसळी-पवना गवत उभं आहे, तिथं यंदा एकही रोप लावू नका.