मोजदाद पिस्तुलांची, वारसा बेवारस

एका परवानाधारकाकडे बंदुका किती असाव्यात, या एकाच प्रश्नाभोवती डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्रास्त्र दुरुस्ती विधेयकाचे संसदीय भवितव्य फिरत राहिले. तीनची मर्यादा एकवर आणण्याचा मूळ प्रस्ताव होता. वडिलोपार्जित शस्त्रांचा मुद्दा पुढे आला, सरकारने दोनवर तडजोड केली आणि ९ डिसेंबरला लोकसभेने, १० डिसेंबरला राज्यसभेने विधेयकावर शिक्कामोर्तब केले. शस्त्र कोणते, किती जुने, ते कशासाठी बाळगले जाते, हे प्रश्न मात्र या आकड्याच्या आड गेले. चालू स्थितीतील शंभर वर्षांपूर्वीचे जर्मन लष्करी पिस्तूल आणि काल दुकानातून घेतलेले रिव्हॉल्व्हर, या मर्यादेच्या लेखी दोन्ही सारखीच.

जर्मन पिस्तुलांचे उदाहरण मुद्दाम घ्यावे असे आहे, कारण जगभरच्या संग्राहकांना त्यांच्याइतके वेड क्वचितच दुसऱ्या शस्त्राने लावले असेल. १८९६ची माउझर, जर्मन लष्कराने १९०८ मध्ये स्वीकारलेली ल्यूगर आणि तिची जागा घेण्यासाठी १९३८ मध्ये आलेली वाल्थर ही त्यातली मुख्य घराणी. ल्यूगरच्या लहानसहान भागांवरही तिच्या क्रमांकाचे आकडे कोरलेले असतात. सर्व भागांवरचे आकडे जुळले तर किंमत एक, एखादा भाग बदललेला निघाला तर ती निम्म्यावरही येऊ शकते. पहिल्या महायुद्धात ९ मिलिमीटरच्या काडतुसासाठी बनवलेल्या माउझरच्या मुठीवर लाल रंगात मोठा ९ कोरला जाई. सैनिकाने जुन्या मापाचे काडतूस चुकून भरू नये, एवढाच त्याचा हेतू. आज तोच आकडा संग्राहकाच्या दृष्टीने दागिना ठरला आहे.

अशी पिस्तुले चालवणारेही आहेत, पण हिशेबाने. जुनी स्प्रिंग थकलेली असते. मूळ भाग एकदा तुटला की जुळलेल्या आकड्यांचे मोल गेले. म्हणून जाणकार अस्सल नग कपाटात ठेवतो आणि नेमबाजीसाठी त्याच जातीचा, आकडे न जुळणारा दुसरा नग वापरतो. ठेवायचे एक, चालवायचे एक. दोनच्या मर्यादेत एवढ्यावरच ‘संग्रह’ संपतो!

हा परक्या देशाचा परका शौक आहे, असे म्हणून भारताला बाजूला होता येणार नाही. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात रोडा कंपनीच्या मालातून ५० माउझर पिस्तुले आणि ४६ हजार काडतुसे बंगाली क्रांतिकारकांनी लांबवली. कंपनीचाच कारकून श्रीशचंद्र मित्र यांनी सीमाशुल्क कचेरीतून २०२ पेट्या सोडवल्या आणि गोदामात पोचवल्या १९२. रौलट समितीच्या १९१८च्या अहवालानुसार त्यातील ४४ पिस्तुले नऊ गटांत वाटली गेली, ५४ गुन्ह्यांत वापरली गेली आणि पोलिसांच्या हाती परत लागली ती ३१. ज्या समितीच्या शिफारशींतून रौलट कायदा जन्मला, तिच्या अहवालात जर्मन पिस्तुलांचा असा हिशेब आहे. अशा एखाद्या माउझरचे मोल दंडाधिकाऱ्याच्या नोंदवहीतील एका ओळीपुरते नसते.

कायद्यात पळवाट अजिबात नाही असे नव्हे. १९५९च्या कायद्याचे ४५वे कलम कालबाह्य व पुराणमूल्याच्या शस्त्रांना सूट देते, पण दुरुस्तीनंतरही जे चालूच शकत नाही अशालाच. म्हणजे इतिहास जपायचा तर आधी तो निकामी झालेला हवा. २०१९च्या दुरुस्तीने वारसाहक्काच्या परवान्यालाही दोनची मर्यादा स्पष्ट शब्दांत लावली. फेब्रुवारी २०२० मध्ये गृहमंत्रालयाने नियम बदलले. ‘क्युरिओ’ गटातील शस्त्र बाळगण्यास परवाना नको. वापरायला, नेण्या-आणण्याला हवा आणि परवान्यावर नोंद असल्याशिवाय काडतुसे नाहीत, अशी ती तरतूद. त्याच अधिसूचनेने नामवंत नेमबाजांची मर्यादा बारापर्यंत वाढवली. तरतूद शहाणपणाची आहे, आक्षेप तिच्या मार्गावर आहे. संसदेने जे ठरवायला हवे होते ते मंत्रालयाने दोन महिन्यांत राजपत्रातून ठरवले. आणि अधिसूचनेने दिलेले दुसरी अधिसूचना काढून घेऊ शकते.

शस्त्रे मोकळी सोडण्याच्या विरोधातील बाजू कमी वजनाची नाही. जर्मनीतच २००२ मध्ये एर्फुर्टच्या शाळेत नेमबाजी क्लबच्या सदस्याने १६ जणांचे बळी घेतले; २००९ मध्ये विनेंडेनच्या हल्लेखोराने वडिलांचे, कुलपात न ठेवलेले पिस्तूल वापरून १५ जणांना मारले. दोन्ही पिस्तुले आधुनिक होती, हा युक्तिवाद मृतांच्या कुटुंबीयांपुढे करवणार नाही. जर्मनीने कायदा कडक केला, शस्त्रे नीट ठेवली आहेत का याची तपासणी घरी येऊन करण्याचा अधिकार प्रशासनाला दिला, पण संग्राहकाचा वेगळा परवाना रद्द केला नाही. संग्रह सांस्कृतिक-ऐतिहासिक महत्त्वाचा आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र अर्जदारावर टाकली आहे.

ब्रिटनचा धडा अधिक उपयोगी. डनब्लेनच्या शाळेत १९९६ मध्ये १६ मुले आणि त्यांची शिक्षिका मारली गेल्यावर तेथे खासगी पिस्तुलांवर जवळजवळ सरसकट बंदी आली. तरीही १९९७च्या त्याच कायद्याच्या सातव्या कलमात दोन दारे ठेवली गेली. १९१९ पूर्वीचे, ज्याची काडतुसे सहज मिळत नाहीत असे पिस्तूल काडतुसांविना घरी ठेवता येते. विशेष ऐतिहासिक वा तांत्रिक महत्त्वाचे पिस्तूल नेमून दिलेल्या जागीच, कुलपात ठेवायचे आणि तेथेच झाडायचे. बिस्ले येथे ही व्यवस्था चालते. मालक येतो, नेम धरतो आणि रिकाम्या हाताने घरी जातो.

आपल्या ‘क्युरिओ’च्या नियमात यातले पहिले दार थोडेसे किलकिले झाले आहे, दुसरे नाही. मान्यताप्राप्त रायफल क्लबांच्या शस्त्रागारांत ते उघडता येईल, पण त्यासाठी कोणते शस्त्र ऐतिहासिक आणि ते कोणी ठरवायचे, हे मूळ कायद्यातच लिहावे लागेल. शस्त्र कायद्याखालचे नियम दोन्ही सभागृहांच्या पटलावर तीस दिवस ठेवावे लागतात आणि सदस्यांना त्यात बदल सुचवता येतात. पटलावरचे ते कागद उघडून पाहण्याची तसदी मात्र फार थोडे सदस्य घेतात.