हिशेबाचा विटाळ

गेल्या मार्गशीर्षांत चार दिवस तळेगांवास होतों. तळेगांव म्हणजे श्यामजी पंतांचें, वर्धा जिल्ह्यांतील आष्टी तालुक्याचें. नागपूर-अमरावती हमरस्त्यावरचें आमचें मूळ गांव. नाटकमंडळींच्या गाड्या अमरावतीचा प्रयोग आटोपून नागपुराकडे जातांना कधीं कधीं पहांटेस येथें चहासाठीं थांबतात आणि दहा मिनिटांनीं निघून जातात. आमच्या गांवाचा आणि रंगभूमीचा संबंध एवढाच. या खेपेस मात्र तेवढ्यावर भागलें नाहीं. शेजारचे एक गृहस्थ, चार एकर संत्र्याच्या बागेचे धनी, आपल्या मुलास घेऊन माझ्याकडे आले आणि बसतां बसतांच म्हणाले, "सर, तुम्हीच दोन शब्द सांगा जी याले. बी.कॉम. झाला, अन् नाटकवाल्यांचे पडदे मोजत गांवोगांव फिरते."

मुलगा दोन वर्षांपासून एका फिरत्या नाटकाचा व्यवस्थापक होता. उपदेश करण्यापूर्वीं मीं त्याची वही मागितली, आणि ती चाळतांना उपदेशाचा विचार मनांतून गेला. नाट्यगृहाचें भाडें व अनामत, गाडीचें डिझेल, टोल, सामानाची हमाली, नटांच्या 'नाइटी', रंगमंच-कामगारांचा भत्ता, रात्रीचें जेवण, इस्त्रीवाल्याचे पैसे. इतकेंच काय, एका वयस्क नटीस जिना चढवत नाहीं म्हणून तिची खोली तळमजल्यावरच घ्यावी, हीही नोंद. बेरजेंत रुपयाचा फरक नाहीं. मग मीं विचारलें, "आणि तुझी स्वतःची वही?" तो नुसता हंसला. स्वतःची वही नव्हतीच. तीन महिन्यांच्या 'नाइटी' येणें होत्या. एके ठिकाणीं भाड्याचे पैसे कमी पडले, तेव्हां त्यानें अठरा हजार रुपये पदरचे भरले होते. तेही येणें होते. लेखी कागद एकही नव्हता. म्हणाला, "मागायला कसंसंच वाटतं, सर. सगळे घरच्यासारखेच आहेत."

बाप म्हणत होता, हा कांहीं धंदा नव्हे. मुलगा म्हणत होता, धंदा कसला, ही कलेची सेवा आहे. बापलेक माझ्यापुढें तावातावानें भांडत होते. पण दोघांच्या मनांत दडलेली समजूत एकच होती, आणि ती सर्व सुशिक्षित महाराष्ट्राचीही आहे. जेथें कला आहे तेथें हिशेबाचा विटाळ होतो, ही ती समजूत. माझें म्हणणें असें कीं, आमच्या नाटकमंडळ्या जितक्या या समजुतीनें बुडविल्या, तितक्या वाईट नाटकांनींही बुडविल्या नाहींत.

प्रथम या कामाचें स्वरूप पाहूं. आमच्या संस्कृत नाटकांत सर्वांच्या आधीं रंगभूमीवर येतो तो सूत्रधार. आजही मराठी नाटकांच्या जाहिरातींत व्यवस्थापकाचें नांव छापतात तें 'सूत्रधार' या पदवीखालींच. पदवी मोठी आहे आणि कामही मोठें आहे. पुढच्या गांवच्या रंगमंचाची रुंदी किती, आपलें नेपथ्य त्यांत बसेल कीं छाटावें लागेल, तेथील विजेचा भार आपले दिवे सोसेल काय, स्थानिक कंत्राटदार शब्दाला जागणारा आहे कीं प्रयोग संपल्यावर दिसेनासा होणारा, हें सारें त्यास गाडी निघण्यापूर्वीं ठाऊक असावें लागतें. नट तापानें फणफणला तर पुढें काय, याचें उत्तर त्याच्यापाशीं असावें लागतें. पडदा वेळेवर वर गेला तर श्रेय नटांचें. उशिरा गेला तर शिव्या याच्या. मी पंचवीस वर्षांहून अधिक काळ महाविद्यालयांत शिकवितों. स्नेहसंमेलनांत अभिनयाचीं, दिग्दर्शनाचीं, लेखनाचीं बक्षिसें मीं स्वतःच्या हातांनीं वांटलीं. व्यवस्थेचें बक्षीस असावें, हें मला एकदांही सुचलें नाहीं. तेव्हां या लेखांत दोषी ठरवावयाच्या लोकांत पहिला मीच आहें.

आतां इतिहास. विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं सांगलीस 'सीतास्वयंवर' केलें, तें संस्थानिकांच्या आश्रयानें. १८५१ सालीं आश्रयदाते चिंतामणराव पटवर्धन निवर्तले, आश्रय सुटला आणि मंडळीस गांवोगांव फिरणें भाग पडलें; १८५३ सालीं ती मुंबईस पोंचली. म्हणजे आमच्या धंदेवाईक रंगभूमीचा जन्मच मुळीं कोणीतरी तिकिटांचा गल्ला मोजावयास बसला तेव्हां झाला. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं पुण्यास 'शाकुंतल' उभें केलें, आणि अवघ्या पांच वर्षांत ते गेले. मंडळी मात्र गेली नाहीं. पुढें तिचा कारभार ज्यांनीं पाहिला ते शंकरराव मुजुमदार आरंभीं शकुंतलेची भूमिका करीत असत. नटानें व्यवस्थापक होण्यांत अधोगति नसते, याचा याहून चांगला दाखला कोणता?

याउलट गंधर्व नाटक मंडळी घ्या. १९१३ सालीं ती निघाली, तेव्हां तिच्याजवळ काय नव्हतें? बालगंधर्वांचा कंठ होता, गोविंदराव टेंब्यांची पेटी होती, गणपतराव बोडसांचा अभिनय होता, बडोद्याच्या महाराजांचा आश्रय होता. जवळ नव्हती ती एकच गोष्ट: खर्च नको म्हणणाऱ्या माणसास मान. उंची गालिचे आले, अत्तरें आलीं, आणि पाठोपाठ लाखांच्या घरांतलें कर्ज आलें. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस याच मंडळीनें ललितकलादर्शाबरोबर टिळक स्वराज्य फंडासाठीं 'संयुक्त मानापमान' केलें. शंभर रुपये दराचीं तिकिटें लोकांनीं आनंदानें घेतलीं. एका रात्रींत देशकार्यास हजारो रुपये मिळवून देणारी संस्था त्याच सुमारास स्वतः कर्जांत रुतत होती! शेवटीं १९३५ सालीं तो अलौकिक नट 'धर्मात्मा' बोलपटासाठीं प्रभातच्या कॅमेऱ्यापुढें उभा राहिला. बालगंधर्वांच्या थोरवीस उणें आणण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. माझी तक्रार तुम्हांआम्हांविषयीं आहे. त्या कर्जाची कथा आपण आरतीसारखी गातों. कर्ज म्हणजे जणूं कलावंताचें भूषण! ज्यानें त्यांना वेळींच हटकलें असेल, त्याचें नांव मात्र आपणांपैकीं कोणास सांगतां येणार नाहीं.

"पण हिशेबीपणानें कला मरते," असें कोणी म्हणेलच. माझ्या विषयांतलींच दोन उदाहरणें देतों. लंडनच्या रोझ नाट्यगृहाचा धनी फिलिप हेन्स्लो यानें १५९२ पासून दहाअकरा वर्षें, कोणतें नाटक केव्हां झालें व पदरांत किती पडलें, हें एका वहींत टिपून ठेविलें. शेक्सपीयरच्या काळची रंगभूमि प्रत्यक्ष कशी चालत असे, हें आम्ही प्राध्यापक वर्गांत मोठ्या ऐटीनें सांगतों. त्यांतला मोठा भाग त्या रुक्ष वहींतून घेतलेला असतो. दुसरें उदाहरण हेन्री अर्व्हिंगचें. त्याच्या लायसियम नाट्यगृहाचा कारभार १८७८ पासून ब्रॅम स्टोकर पाही. 'ड्रॅक्युला' ही कादंबरी लिहिणारा तो हाच. हिशेब ठेवल्यानें त्याची प्रतिभा आटली नाहीं. १८९८ सालीं अर्व्हिंगच्या नेपथ्याचें कोठार जळून खाक झालें. आणि विम्याची रक्कम त्यापूर्वीं थोड्याच दिवसांत खुद्द अर्व्हिंगच्या सांगण्यावरून कमी केलेली होती. पुढच्याच वर्षीं लायसियमचा ताबा त्यास एका कंपनीच्या हातीं द्यावा लागला. तेव्हां कला कशानें मरते, हें सांगण्याचें कारण नाहीं.

परंतु एवढ्यानें माझ्या शेजाऱ्यांचें समाधान झालें नसतें. त्यांचा प्रश्न सरळ होता: "ह्या कामांत पोट भरते का?" प्रश्न रास्त आहे. फिरत्या नाटकांत बहुतेकांस मासिक पगार नसतो. प्रयोग झाला तर 'नाइट' मिळते, न झाला तर कांहीं नाहीं. मार्च १९२० नव्हे, परवांचा मार्च २०२० आठवा. नाट्यगृहांना टाळीं लागलीं. मध्यंतरीं थोडे दिवस उघडून पुन्हां लागलीं, आणि तीं निघालीं २२ ऑक्टोबर २०२१ रोजीं, तींही निम्म्या प्रेक्षकांसाठीं. त्या दीड वर्षांत पडद्यामागच्या कित्येकांना दुसऱ्यांच्या दयेवर दिवस काढावे लागले.

तरीही मीं त्या बागाइतदारास उलट विचारलें, "तुमच्या बागेचा पैसा दरमहा येतो काय?" ते चपापले. आंबिया बहार धरला तर वर्षांतून एकदां, मृग धरला तर एकदां. गारपीट झाली तर तोही नाहीं. एकदम हातीं आलेला पैसा बारा महिने पुरवावयाचा, त्यांतूनच खत, फवारणी, मुलांची फी आणि लेकीचें लग्न काढावयाचें, ही विद्या त्या गृहस्थांनीं तीस वर्षें आचरली आहे. पूर्वेकडे झाडीपट्टींत पहा. वडसा हें तेथील नाटकांचें केंद्र. दिवाळीपासून होळीपर्यंत हंगाम; गांवचें मंडळ ठराविक रकमेस प्रयोग घेतें आणि लोक रात्रभर नाटक पाहतात. त्या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. तेथील नाटकवाल्याचें वर्ष शेतकऱ्याच्या वर्षासारखेंच असतें: चार महिन्यांची कमाई आणि बारा महिन्यांचें पोट. मुलाला जें ठाऊक नव्हतें तें नेमकें बापाला ठाऊक होतें. आणि त्यानें तें कधीं शिकविलें नाहीं, कारण मुलाचें काम त्याला शिकविण्याजोगें वाटलें नाहीं!

मुलास मीं जें सांगितलें तें येथें लिहितों. दुसऱ्या कोणाच्या उपयोगीं पडेल. मंडळीचा पैसा आणि आपला पैसा एका खिशांत नको, एका बँकखात्यांत तर नकोच. 'नाइट' किती, ती किती दिवसांत, दौऱ्यावर भत्ता किती, ऐनवेळीं प्रयोग रद्द झाला तर काय, हें आधीं कागदावर असावें. पदरचा पैसा मंडळीस देऊं नये. दिलाच तर त्याच रात्रीं सही घ्यावी. प्रत्येक 'नाइटीं'तून आधीं शिल्लक काढावी व उरेल त्यांत रहावें, म्हणजे पावसाळ्याचे रिकामे महिने आणि नाटक बंद पडल्यावरचे दिवस निभतील. सहा महिन्यांचा घरखर्च गांठीं असल्यावांचून नवी मोटारसायकल घेऊं नये. रात्रीबेरात्रीं हमरस्त्यानें फिरणाऱ्यानें वर्षाला वीस रुपयांत मिळणारा दोन लाखांचा सरकारी अपघात-विमा न घेणें हा शुद्ध गाढवपणा आहे. भविष्य निर्वाह निधीचें खातें पोस्टांत कोणासही उघडतां येतें. प्राप्तिकर भरीत नसल्यास चाळिशीच्या आंत अटल पेन्शनमध्येंही शिरतां येतें. आणि बढतीचें म्हणशील, तर प्रत्येक नाट्यगृहाची, प्रत्येक कंत्राटदाराची टिपणी आपल्या वहींत ठेव. पांच वर्षांनीं ती वही हेंच तुझें भांडवल. ज्याच्यापाशीं ती आहे, त्यास निर्माते शोधीत येतील.

निर्मात्यांस एकच सांगणें आहे. रात्रीचा पडदा पडल्यावर नायकाचें पाकीट तयार असतें. व्यवस्थापकाचेंही असूं द्या. "आपण सगळे घरचेच" हें वाक्य ज्याचे पैसे राहिले असतील त्याच्यापुढें उच्चारूं नका. घरच्या माणसाचें बुडविणें हें परक्याचें बुडविण्याहून सोपें असतें, इतकाच त्याचा अर्थ होतो.

आणि वाचकहो, आपण? नाटकाचा दौरा गांवांत आला कीं ओळख काढून फुकट पास मागणारे आपणच. उपाहारगृहांत चारशे रुपये सहज मोजतों, आणि तिकिटाच्या खिडकीशीं मात्र आपणांस कलेची अमूल्यता आठवते. मुलगा बँकेंत दुसऱ्याचा पैसा मोजूं लागला तर पेढे वांटतों. तोच नाटकाचा पैसा मोजूं लागला तर त्यास प्राध्यापकाकडे उपदेशासाठीं नेतों. असें करून वर रंगभूमि कां मावळत चालली म्हणून परिसंवाद भरवितों!

तो मुलगा दुसऱ्या दिवशीं पहांटेच्या गाडीनें अमरावतीस गेला. जातांना त्यानें बापाच्या कपाटांतून बागेच्या खर्चाची एक जुनी वही मागून घेतली, कशी मांडतात तें पाहण्यासाठीं. अठरा हजारांपैकीं दहा हजार त्यास मिळाल्याचें मागाहून कळलें. उरलेल्यांचा तगादा चालू आहे. त्याचे वडील अद्याप माझ्याशीं नीट बोलत नाहींत. मात्र परवां गांवीं गेलों असतां त्यांनीं कुंपणापलीकडूनच विचारलें, "त्या कागदावर सही कोणाची घ्याची म्हणे, सर? मालकाची, का म्यानेजरची?"